मामांनी बाग का काढली? सांगोल्याचं डाळिंब, चिकमगळूरची कॉफी आणि थांबण्याची ऐपत

प्रश्न विचारणारी मुलगी पुण्यात शिकते. कॉफी पिकवणाऱ्या गरीब देशांतल्या शेतकऱ्यांच्या रोजच्या जगण्यावर तिला लिहायचं आहे. शहरात कॉफीचा कप महाग होत चाललाय आणि पिकवणारा मात्र कर्जात आहे, असं ती जागोजागी वाचते आहे. तिच्या मामांची सांगोला तालुक्यात डाळिंबाची बाग होती, ती त्यांनी गेल्या वर्षी मुळासकट काढली. तिचं म्हणणं असं : "डाळिंबाला तर चांगला भाव होता, मग बाग का काढली? मामा नीट सांगत नाहीत. कॉफीवाल्यांचं आणि आपलं दुखणं एकच आहे का?"

मी याच भागात डाळिंब करतो आणि बरीच वर्षं दुसऱ्यांच्या बागांवर जाऊन सल्लाही देतो. चिकमगळूर आणि कोडगूकडचे कॉफीचे मळे फिरून पाहिले आहेत, तिथल्या लहान शेतकऱ्यांशी बोललो आहे. त्या आधारावर सांगतो.

दुखणं एकच आहे, पण ते 'भाव मिळत नाही' एवढंच नाही. भाव पडतो तसा चढतोही. चढलेल्या वर्षी ज्याच्या झाडावर माल आहे आणि तो माल विकण्यासाठी चार दिवस थांबण्याची ज्याची ऐपत आहे, त्याचं भलं होतं. लहान शेतकऱ्याकडे जमीन असते, अंगमेहनत असते, अक्कलही भरपूर असते. थांबण्याची ऐपत तेवढी नसते. झाड वाढायला वेळ घेतं, बँक वेळेवर मागते, दुकानदार वेळेवर मागतो, पाऊस वेळेवर येत नाही आणि व्यापारी त्याच्या वेळेने येतो. या सगळ्यांच्या वेळा सांभाळता सांभाळता माणूस मोडतो. तुमच्या लेखात एवढी एक गोष्ट नीट आली तरी पुष्कळ झालं.

आधी कॉफीचं. अरेबिका जातीच्या कॉफीचं रोप लावलं की हाताला माल लागायला तीन-चार वर्षं जातात. तोवर सावलीची झाडं, मिरीचे वेल, मजुरी, खत हे सगळं पदरमोड करून. फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान एक नेमका पाऊस यावा लागतो, त्याला तिकडे 'ब्लॉसम शॉवर' म्हणतात. तो आला की आठ-दहा दिवसांत मळा पांढरा फुलतो. नाही आला, किंवा अर्धवट येऊन थांबला, तर वर्षाचं पीक तिथेच बसलं. ज्याच्याकडे तुषार सिंचन आहे तो मोटार लावून हा पाऊस पाडतो, बाकीचे आभाळाकडे बघतात. अरेबिकाच्या खोडात पांढरा खोडकिडा शिरला तर झाड उपटून जाळण्याशिवाय इलाज नसतो. डाळिंबवाल्याला हे ऐकून वेगळं काही वाटणार नाही.

भावाचं म्हणाल तर अरेबिकाचा भाव न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात ठरतो आणि रोबस्टा या दुसऱ्या जातीचा लंडनच्या. पिकवणारा शेतकरी इथिओपियात, युगांडात, व्हिएतनाममध्ये किंवा आपल्या कर्नाटकात. जुलै १९८९ पर्यंत आंतरराष्ट्रीय कॉफी करारात देशादेशांना निर्यातीचे कोटे ठरवून दिलेले होते, त्यामुळे भाव एका मर्यादेखाली सहसा जात नसे. त्या साली कोट्याची पद्धत कोसळली आणि २००१ मध्ये भाव पौंडाला ५० सेंटच्याही खाली गेला. पौंड म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम. मध्य अमेरिकेत त्या काळात मळ्यांवरचे मजूर उपाशी रस्त्यावर आले. आपल्याकडे नव्वदच्या दशकापर्यंत कॉफी बोर्ड सगळी कॉफी एकत्र गोळा करून विकायचं आणि शेतकऱ्याला हप्त्याहप्त्याने पैसे द्यायचं. तेही नंतर मोकळं झालं. त्या पद्धतीवर शेतकरी चिडायचे, पैसे फार उशिरा येतात म्हणून, आणि ते चिडणं रास्त होतं. पण पडत्या बाजाराचा पूर्ण फटका तेव्हा एकट्यावर येत नव्हता, हेही तितकंच खरं.

मग फेब्रुवारी २०२५ मध्ये हाच भाव पौंडाला ४ डॉलरच्या वर गेला. ब्राझीलमधला दुष्काळ आणि व्हिएतनाममधली कोरडी वर्षं हे त्यामागचं मोठं कारण. आता तुमचा प्रश्न पुन्हा बघा, "भाव होता, मग बाग का काढली?" कॉफीतही अगदी हेच झालं. भाव चढायच्या आधीच्या पडत्या वर्षांत ज्यांनी झाडांना खत घातलं नाही, किंवा झाडं काढून दुसरं काही लावलं, त्यांच्या हातात भाव चढला तेव्हा विकायला माल नव्हता. ज्यांच्याकडे माल होता त्यांतल्या बारक्यांनी तो काढणी झाल्या झाल्या विकून टाकला होता, कारण तोडणीच्या मजुरीचा हिशेब आठवड्याला चुकवावा लागतो. वास्तविक कॉफी हा टिकणारा माल आहे. वाळवून पोत्यात भरला की महिनोन्‌महिने गोदामात राहतो. मोठा मळेवाला ठेवतो. दोन-तीन एकरवाला लाल फळ ओलंच विकतो, दारात येईल त्याला. माल टिकाऊ असला तरी माणसाला टिकायला पैसा लागतो.

डाळिंबाला तर ती सोयही नाही. फळ पिकलं की झाडावर फार दिवस ठेवता येत नाही, तडकतं. शीतगृहात दोन-तीन महिने राहू शकतं, पण ते भाडं आणि तिथवर नेणं लहान शेतकऱ्याला परवडत नाही.

आता सांगोल्याकडे येऊ. हा तालुका मूळचा दुष्काळी. पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही ज्या महिन्यात हवा त्या महिन्यात येईल याची खात्री नाही. जमीन माळरानाची, मुरमाड. १९९० साली रोजगार हमी योजनेशी जोडून फळबाग लागवडीची योजना आली, त्यातून बोर आणि डाळिंब या माळावर चढलं. ठिबक आलं. आधी 'गणेश' जात होती, मग 'भगवा' आली आणि तिने चित्रच बदललं. रंग, दाणा, साल, टिकाऊपणा सगळंच बाजाराला हवं तसं. अजनाळ्यासारख्या गावात डाळिंबाच्या पैशावर उभे राहिलेले बंगले लोक मुद्दाम बघायला जात. २००५ मध्ये सोलापूरजवळ केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सुरू झालं. सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकनही मिळालं. २८ डिसेंबर २०२० रोजी देशातली शंभरावी किसान रेल्वे सुटली ती सांगोल्याहून, पश्चिम बंगालमधल्या शालिमारला. त्या गाडीला भाड्यात निम्मी सवलत होती आणि तेवढ्या सवलतीनेसुद्धा लांबचा बाजार गाठता येत होता. मी हे मुद्दाम सांगतोय, कारण 'शेतकऱ्याला नवीन काही करता येत नाही' असं शहरात सहज बोललं जातं. ज्या माळावर कुसळं उगवत होती तिथे या लोकांनी परदेशात जाणारं फळ पिकवलं.

मग बिघडलं कुठे? त्यासाठी 'बहार' समजून घ्यावा लागेल. डाळिंबाचं झाड बारमाही फुलतं, पण सगळ्या फुलांवर पीक घेत नाहीत. पाणी तोडून झाडाला महिना-दीड महिना ताण द्यायचा, मग इथेफॉन फवारून पानं गाळायची, हलकी छाटणी करायची, खत-पाणी द्यायचं आणि झाड एकदम फुलवायचं. हे जून-जुलैत केलं तर मृग बहार, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हस्त, जानेवारी-फेब्रुवारीत आंबे बहार. पाणी सोडल्यापासून फळ हातात यायला साडेपाच-सहा महिने.

खरी कोंडी इथे आहे. मृग बहाराला पाणी विकत घ्यावं लागत नाही, पावसावर निभतं. पण पावसाळी दमट हवेत तेल्या, म्हणजे तेलकट डागांचा जिवाणूजन्य रोग, हमखास येतो. आंबे बहारात रोग कमी, पण फळ वाढतं ते ऐन उन्हाळ्यात, म्हणजे शेततळं हवं, त्यात अंथरायला प्लास्टिकचा कागद हवा, नाहीतर टँकर. हस्त बहार दोहोंच्या मधला, आणि तेल्याचा त्रास असलेल्या भागात तज्ज्ञ तोच धरायला सांगतात. पण हस्ताच्या वेळी परतीचा पाऊस लांबला तर झाडाला ताणच बसत नाही. ताण नाही तर फूल नाही. तेव्हा ज्याच्याकडे पाण्याचा साठा आहे तो रोग टाळून बहार निवडतो आणि ज्याच्याकडे नाही तो रोगाच्या तोंडी बहार धरतो. एकाच गावात, एकाच जातीच्या झाडांवर, बांधाला बांध लावून असलेल्या दोन बागांचं नशीब असं वेगळं होतं. कृषी खात्याची पत्रकं छान असतात, पण 'हस्त बहार धरा' हे वाक्य ज्याच्याकडे शेततळं नाही त्याला काय उपयोगाचं?

तेल्याचा डाग आधी पानावर येतो, बारीक, तेलकट, उजेडात धरलं की आरपार दिसतो. मग फांदीच्या पेऱ्यावर, मग फळावर. फळावरचा डाग काळा पडतो आणि तिथून साल आडवी-उभी तडकते. आतला दाणा अगदी चांगला असला तरी बाजारात त्याला कुणी हात लावत नाही. एका पावसाळी आठवड्यात सगळी बाग पालटते. म्हणून पाऊस उघडला रे उघडला की फवारणी, बोर्डो मिश्रण, कॉपर, हे ते. रात्री पुन्हा पाऊस झाला तर सकाळी पुन्हा. औषधाचा खर्च दुकानदाराच्या वहीत चढत जातो.

तेल्याने फळ जातं, झाड राहतं. मर (मुळाकडून झाड वाळवणारा रोग) आणि खोडकिड्याने झाडच जातं. २०२१ च्या पावसानंतर सांगोल्यात ज्या बागा गेल्या त्या प्रामुख्याने अशा. इकडे या खोडकिड्याला 'पिन होल बोरर' याच नावाने ओळखतात. खोडाच्या बुंध्याशी वाकून बघायचं. टाचणीच्या डोक्याएवढी भोकं आणि त्यातून बाहेर आलेला पिठासारखा बारीक भुसा. किडा दिसतही नाही. तो आत बोगदे करतो आणि सोबत बुरशी घेऊन जातो, खोड आतून काळं पडतं. शेतकऱ्याला कळतं ते एका फांदीची पानं पिवळी पडल्यावर. महिन्या-दोन महिन्यांत झाड वाळतं आणि वाळलेल्या झाडावर फळं तशीच लोंबकळत राहतात. एकरी साधारण तीनशे झाडं असतात. त्यांतली चाळीस गेली की माणूस सावरतो, रिकाम्या जागी नवी रोपं लावतो. शंभर गेली की ठिबक, फवारणी, मजुरी सगळ्या एकराची आणि उत्पन्न दोन तृतीयांश, असा हिशेब बसायला लागतो. तिथे बाग काढण्याचा विचार येतो. तुमच्या मामांचं असंच काही झालं असणार, असा माझा अंदाज. भाव बघून कुणी बाग काढत नाही, मोकळ्या खड्ड्यांची संख्या बघून काढतो.

बागेत व्यापारी येतो तो दिवस कसा असतो, हेही तुम्ही लिहा. ते बाहेरच्यांना दिसत नाही.

माल तयार व्हायच्या पंधरा-वीस दिवस आधीपासून फोन सुरू होतात. व्यापारी किंवा त्याचा दलाल मोटारसायकलवर येतो. कडेच्या ओळीत तो थांबत नाही, कारण कडेला ऊन लागतं आणि रंग चांगला असतो. तो सरळ मधोमध घुसतो, एक फळ तोडतो, हातानेच फोडतो, दाणे तळहातावर घेऊन बघतो. मग खाली वाकून झाडाच्या आतल्या बाजूची फळं बघतो, डाग किती आहेत ते. उन्हाने फळ भाजू नये म्हणून झाडांवर जुन्या साड्या टाकलेल्या असतात. होय, साड्या. किलोवर मिळतात, क्रॉप कव्हर परवडत नाही त्यांना त्याच आधार. लाल, हिरव्या, फुलाफुलांच्या साड्या पांघरलेली बाग लांबून फार सुंदर दिसते. तो साडी उचलून फळ बघतो, पुन्हा टाकतो. बोलत नाही. घरची बाई चहा आणते. मग तो एक आकडा सांगतो, आणि लगेच विचारतो, "सरसकट की निवडून?" सरसकट म्हणजे डागी, बारीक, मोठा सगळा एका भावाने. निवडून म्हणजे मोठ्या मालाला चांगला भाव, पण उरलेला बारीक माल शेतकऱ्याच्या गळ्यात. त्या उरलेल्या मालासाठी वेगळी गाडी करून बाजारात जायचं तर भाडंही निघत नाही.

सौदा ठरतो, इसार म्हणून थोडे पैसे हातावर येतात आणि तोडणीची तारीख ठरते. खरी कसोटी त्यानंतरची. ठरलेल्या दिवशी गाडी येत नाही. दोन दिवसांनी फोन, "मार्केट उतरलंय, किलोला पाच कमी करावे लागतील." आभाळ भरून आलेलं असतं. पाऊस पडला तर फळ तडकणार. दुसरा व्यापारी बोलवावा तर पहिल्याचा इसार घेतलेला, आणि दुसरा पहिल्याला ओळखतोच. शेतकरी 'हो' म्हणतो. तोडणीच्या दिवशी रिकाम्या कॅरेटचं वजन वजा होतं, त्यावर कॅरेटमागे थोडी सूट वेगळी. पैसे रोख मिळाले तर नशीब, नाहीतर आठ-पंधरा दिवसांच्या वायद्याचा चेक. सगळेच व्यापारी असे नाहीत, शब्दाला जागणारे मला पुष्कळ माहीत आहेत आणि त्यांच्यावरच बऱ्याच बागा उभ्या आहेत. पण ज्याला थांबता येत नाही त्याच्याशी सौदा करणाऱ्याला फसवायचीही गरज पडत नाही. नुसता उशीर केला तरी पुरतं.

सोलापूरच्या कांद्याचं उदाहरण तुम्हाला ऐकून माहीत असेल. फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा आणला. किलोला एक रुपया भाव लागला. गाडीभाडं, हमाली, तोलाई वजा जाऊन त्याच्या हातात २ रुपयांचा चेक आला, तोही पुढच्या तारखेचा. त्या पट्टीचा, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या पावतीचा, फोटो देशभर फिरला. लोकांना दोन रुपयांचं नवल वाटलं. माझ्यासारख्याला त्या पट्टीत वेगळं दिसलं : गाडीवाल्याला पूर्ण भाडं मिळालं, हमालाला पूर्ण हमाली मिळाली, आणि मिळायलाच हवी, तीही कष्टाचीच आहे. पण भाव पडल्याचं सगळं ओझं पट्टीच्या शेवटच्या ओळीवर आलं आणि त्या ओळीवर शेतकऱ्याचं नाव होतं. कॉफीच्या साखळीतही जहाजवाला, भाजणारा, दुकानवाला आपापलं कापून घेतात, शेवटी उरेल ते मळ्याचं.

आता घरातल्या पैशाचं. सोसायटीचं पीककर्ज असतं. वेळेत फेडलं तर तीन लाखांपर्यंत व्याज माफ, म्हणून ३१ मार्चच्या आधी कसंही करून 'नवं-जुनं' करायचं असतं. म्हणजे कुणाकडून तरी आठ-दहा दिवसांसाठी पैसे उसने आणायचे, कर्ज भरायचं, नवीन कर्ज उचलून उसने परत द्यायचे. त्या आठ दिवसांचं व्याज सावकाराकडे किती लागतं हे कागदावर येत नाही. औषध-खत कृषी सेवा केंद्रातून उधारीवर, माल निघाल्यावर देण्याच्या बोलीवर. उधारीच्या दुकानात औषध तुम्ही निवडत नाही, दुकानदार निवडतो. मी सल्ला देतो तेव्हा निम्म्या ठिकाणी 'हे औषध नको, ते मारा' असं सांगून उपयोग नसतो, कारण 'ते' त्याच्या उधारीच्या दुकानात नसतं. जूनमध्ये शाळा-कॉलेजची फी आणि मृग बहाराचा खर्च एकाच वेळी येतो. मुलीचं कॉलेज की पानगळीचं औषध, हा निर्णय काही घरांत खरोखर करावा लागतो. फळपीक विमा आहे, पण तो हवामानावर आहे. पाऊस आणि तापमान मोजणारं यंत्र महसूल मंडळाच्या ठिकाणी असतं. वळवाचा पाऊस तुमच्या वस्तीवर झाला आणि यंत्रावर नाही, तर कागदोपत्री काही झालेलंच नसतं.

आणखी एक गोष्ट, जी शहरातली माणसं नेहमी उलटी समजतात. 'सोलापूरसारख्या दुष्काळी जिल्ह्यात ऊस कशाला लावता, पाणी पितो तो' असं आम्हाला ऐकवतात. पाणी पितो हे बरोबर. पण उसाला एफआरपी आहे, म्हणजे कायद्याने ठरलेला किमान भाव. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस दिल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे असतात. कारखाने दरवर्षी ते पाळतातच असं नाही, आंदोलनं होतात. तरी आकडा ठरलेला असतो, खरेदीदार ठरलेला असतो, तेल्या नसतो आणि फळ फोडून बघायला कुणी येत नाही. डाळिंब काढून ऊस लावणारा माणूस पाण्याचा लोभी नसतो. तो अनिश्चिततेला थकलेला असतो. कॉफीत 'फेअरट्रेड'वाले हेच करायला बघतात. त्यांनी अरेबिकाचा किमान भाव १ ऑगस्ट २०२३ पासून पौंडाला १.४० वरून १.८० डॉलर केला. बाजार वर असताना त्या आकड्याला अर्थ नसतो, बाजार कोसळला की तोच आधार असतो. माझ्या मते डाळिंबाला सगळ्यात आधी हवी ती अशी काहीतरी तळाची हमी. निर्यातीची भाषणं त्यानंतर.

रोजच्या दिवसाचं थोडं. शेतीची थ्री-फेज लाइट पुष्कळ ठिकाणी आठवडाभर दिवसा, आठवडाभर रात्री अशी आलटून पालटून येते. रात्रपाळीच्या आठवड्यात बाप किंवा पोरगा बॅटरी घेऊन रानात, सापाविंचवाच्या भीतीने गमबूट घालून. फवारणी पहाटे, वारा पडलेला असताना. तोंडाला रुमाल, बस. दुपारपर्यंत डोळे चुरचुरतात, डोकं जड. मास्क आणि हातमोजे घालून मे महिन्यात फवारून बघितल्याशिवाय 'शेतकरी काळजी घेत नाहीत' असं कुणी म्हणू नये. विरळणी, फळांना आधार देणं, साड्या बांधणं, तण काढणं हे बहुतेक बायकांचं काम. मामींनी त्या बागेत मामांपेक्षा कमी तास काढलेले नसणार, तरी सातबाऱ्यावर त्यांचं नाव असण्याची शक्यता कमी, आणि व्यापाऱ्याशी बोलणी चालू असताना त्या चहा ठेवून आत गेलेल्या असतात. फळाला डाग कुठल्या ओळीपासून सुरू झाला हे मात्र मला बहुतेक वेळा घरच्या बाईनेच अचूक दाखवलं आहे.

आणि लग्नं. शेती करणाऱ्या पोराला मुलगी द्यायला कुणी तयार नाही. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्न न जमणाऱ्या तरुणांनी डोक्याला बाशिंग बांधून, घोड्यावर बसून कलेक्टर कचेरीवर मोर्चा नेला. बातम्यांतून त्याची थट्टा झाली. त्यात थट्टेसारखं काही नव्हतं. मुलीचा बाप तरी काय करणार? त्याने स्वतः हेच आयुष्य काढलेलं असतं.

तुम्ही मामांना विचाराल तेव्हा 'बाग का काढली' असं विचारू नका, ते बोलणार नाहीत. शेवटच्या दोन बहारांच्या पट्ट्या ठेवल्यात का ते विचारा. दुकानदाराचं किती राहिलं होतं, ते विचारा. किती झाडं वाळली होती आणि पहिलं कुठल्या कोपऱ्यातलं वाळलं, हे विचारा. मग आपोआप सगळं बाहेर येईल, आणि तुमच्या लेखाला कॉफीच्या कुठल्याही अहवालापेक्षा भक्कम माहिती मिळेल.

त्यांना पुन्हा डाळिंब लावायचं असेल तर माझं सांगणं एवढं पोचवा. काढलेल्या खड्ड्यांत लगेच रोप लावू नये. जुनी मुळं, खोडं बांधावर रचून ठेवली असतील तर ती जाळून टाकावीत, किड्याचं घर तिथेच असतं. एक-दोन हंगाम ज्वारी आणि मध्ये झेंडू घ्यावा, झेंडूने सूत्रकृमी (मुळांना लागणारे बारीक कृमी) कमी होतात. एप्रिल-मेमध्ये माती नांगरून उन्हात तापू द्यावी. नवीन लागवड पाणी निचरा होणाऱ्या मुरमाड तुकड्यावर, उंच गादीवाफ्यावर करावी, भारी काळ्या रानात नको. गुटी (झाडाच्या फांदीला मुळं फोडून केलेलं रोप) कुठल्याही नर्सरीची स्वस्त मिळते म्हणून आणू नये. मातृवृक्ष, म्हणजे गुटी ज्या झाडाची ते झाड, स्वतः जाऊन बघावा किंवा ऊतिसंवर्धित (टिश्यू कल्चरची) रोपं घ्यावीत. दोन वर्षांच्या आत बहार धरण्याचा मोह टाळावा. आणि सगळं रान एकदम डाळिंबाखाली आणू नये, निम्म्यात दुसरं काहीतरी ठेवावं, म्हणजे व्यापाऱ्याने गाडी चार दिवस उशिरा पाठवली तरी घरात किराणा भरलेला असेल. केगावच्या केंद्रात माती आणि वाळायला लागलेल्या फांदीचा तुकडा घेऊन स्वतः जावं, फोनवर निदान होत नाही. फांदी कोरडी झालेली नको, अर्धवट पिवळी पडलेली न्यावी, आणि बुंध्याजवळचा वीतभर तुकडा सोबत असावा.